‘सर्वानुमते’ म्हणजे कुणाच्या मते?

ग्रामसभेच्या वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आपण नेहमी वाचतो. हे सर्व कोण, ते मात्र वहीत नसते. ते गृहीत धरलेले असते.

एकदा मी एका सभेत मागे बसलो होतो. विषय सार्वजनिक नळाच्या जागेचा. ‘कुणाची हरकत?’ असे विचारले. कुणी बोलले नाही. झाला ठराव! बाहेर पारावर तीच माणसे म्हणाली, ‘आमची आळी टेकाडावर, तिथनं पाणी वाहून आणायचं कुणी?’ मग आत गप्प का? ‘त्यांच्याकडं उसनवारी आहे, गुरुजी.’ गप्प बसण्याचे अर्थ दोन: पसंती आणि नाइलाज. वही पहिलाच टिपते.

आपली भाषाही यात सामील आहे. ‘सगळं गाव जमलं होतं’ असे आपण सांगतो. त्यात एकही बाई नव्हती, हे ध्यानातही येत नाही. लग्नाच्या आवतणात मात्र आपण किती चोख! घरटी एक माणूस की चूलबंद, हे स्पष्ट सांगतो.

कायद्याने थोडे केले आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील कमी ती संख्या, हजर लागते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन नियमित सभेआधी बायकांची सभा घेणे आले. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की ही अट उरत नाही. ठरावाखाली शब्द तोच!

शिक्षकबंधूंनी वर्गात एक करून पाहावे. ‘कुणाची हरकत?’ असे न विचारता ‘कोण बाजूने?’ असे विचारावे. मग हात मोजावे लागतात, आणि फळ्यावर आकडा लिहावा लागतो.