आधी उत्तर, मग मागणी

राज्यसंस्थेचे सामर्थ्य तिच्या फौजेवरून आणि खजिन्यावरून मोजण्याचा परिपाठ फार जुना आहे. परंतु ज्या राज्यात अमर्याद वाटणारे अधिकार हाती असलेल्या मंत्र्याला दूरच्या एखाद्या मतदारसंघातून आलेल्या, नावाने फारसा कोणाला ठाऊक नसलेल्या प्रतिनिधीसमोर उभे राहून जाब द्यावा लागतो, त्या राज्याच्या सामर्थ्याचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. दिल्लीच्या लोकसभेचा दिनक्रम जो बारकाईने पाहील, त्याला हे मूळ त्या दिनक्रमाच्या मांडणीतच सापडेल. कारण तेथे सरकारने प्रथम उत्तर द्यावयाचे असते आणि त्यानंतरच कायद्यास संमती किंवा खर्चास मंजुरी मागावयाची असते.

या सभागृहाची पहिली बैठक 13 मे 1952 रोजी भरली, ती 1927 साली उघडलेल्या आणि 144 स्तंभांनी वेढलेल्या वर्तुळाकार इमारतीत. सप्टेंबर 2023 मध्ये कामकाज शेजारच्या नव्या वास्तूत गेले. वास्तू बदलली, पण कामकाजाचा क्रम मुख्यतः तोच राहिला. सकाळी अकराच्या ठोक्याला सभापती प्रवेश करतात, सदस्य उभे राहतात, परस्परांना अभिवादन होते; कोणा माजी सदस्याचे निधन झाले असल्यास त्याचा उल्लेख होऊन सभा क्षणभर स्तब्ध उभी राहते, आणि मग प्रश्नोत्तरांचा तास सुरू होतो. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यसंख्येचा दशांश हजर असावा, असा संविधानाचा दंडक आहे. 543 सदस्यांच्या सभेत म्हणजे 55 जण.

या एका तासामागची पूर्वतयारी कित्येक दिवस आधी सुरू झालेली असते. सदस्याने किमान 15 दिवसांची सूचना द्यावयाची, आलेल्या सूचनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा, एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न येऊ द्यावयाचा, आणि मंत्रालयांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार नेमून द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. ज्येष्ठ आणि नवागत, सत्तापक्षाचा आणि एकटा अपक्ष, असा भेद चिठ्ठीला ठाऊक नसतो. दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे तोंडी मिळतात, आणि ज्यांची पाळी तासाभरात येत नाही त्यांची, तसेच 230 अतारांकित प्रश्नांची, लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. तारांकित प्रश्नाचे खरे मर्म पुरवणी प्रश्नांत असते. छापील उत्तर खात्याच्या कचेरीत अनेक हातांखालून गेलेले असते, त्यातील प्रत्येक शब्द तोललेला असतो. पण पुरवणी प्रश्न येताच कागद बाजूस राहतो आणि मंत्र्याला आपल्या कारभाराची प्रत्यक्ष माहिती किती आहे, हे सर्वांसमक्ष उघड होते.

आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या शेअरांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याचे प्रकरण 1957 साली याच वाटेने चव्हाट्यावर आले. प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेनात, तेव्हा सत्तापक्षाचेच सदस्य असलेले फिरोज गांधी यांनी सभागृहात तपशीलवार आरोप मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत, लोकांसमक्ष, चौकशी केली. आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पदत्याग करावा लागला. प्रचंड बहुमत पाठीशी असलेले सरकारही प्रश्नापुढे निरुत्तर होऊ शकते, हा धडा प्रजासत्ताकाला अवघ्या आठ वर्षांच्या वयात मिळाला.

बारा वाजता अहवाल आणि अधिसूचना पटलावर ठेवल्या जातात, आणि शून्य प्रहर येतो. नियमांच्या पुस्तकात ज्याला स्थान नाही, पण रूढीने ज्याला नियमाइतकाच मान दिला, असा हा काळ. आदल्या रात्री आलेला पूर, कोसळलेला पूल, बंद पडलेली गिरणी यांना वाचा येथेच फुटते. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्र्याकडून निवेदन मिळविणारी लक्षवेधी सूचना 1954 पासून नियमांत आली. स्थगन प्रस्तावात सरकारवर ठपका ठेवण्याचा जो भाव असतो, तो टाळून उत्तर मात्र मिळवावे, ही तिच्यातील दूरदृष्टी. त्या काळी सभापतिपदावर होते गणेश वासुदेव, अर्थात दादासाहेब मावळणकर. अहमदाबादेत वकिली केलेल्या या महाराष्ट्रीय गृहस्थाने 1956 मध्ये मृत्यू येईपर्यंत सभागृहाच्या परंपरांचा पाया घातला.

मध्यान्हाच्या सुटीनंतर विधेयकांना हात लागतो. विधेयक मांडणे, त्याच्या तत्त्वावर चर्चा करून मग एकेक खंड विचारात घेणे आणि अखेर ते संमत करणे, अशी ही तीन वाचने. यांतील दुसरे सर्वांत कष्टाचे, कारण एका 'किंवा'च्या जागी 'आणि' पडल्यास लक्षावधी लोकांचे हक्क बदलू शकतात. शुक्रवारचे अखेरचे अडीच तास अशासकीय सदस्यांचे. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा 1956 चा कायदा फिरोज गांधींच्या अशाच विधेयकातून आला. कोकणचे नाथ पै यांनी 1967 मध्ये घटनादुरुस्तीच्या संसदीय अधिकारासाठी मांडलेले विधेयक संमत झाले नाही. तथापि त्यातील मूळ कल्पना त्यांच्या निधनानंतर, 1971 च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत, सरकारनेच स्वीकारली.

निर्णय बहुधा आवाजी मतदानाने होतो. कोणी आक्षेप घेतल्यास मतविभागणीची घंटा वाजते, दारे बंद होतात आणि प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले आणि देशाने तो निकाल शांतपणे मानला. हे सर्व चालू असताना प्रतिवेदक पाळीपाळीने बसून शब्दन् शब्द टिपून घेत असतात. सभापतींनी काढून टाकण्याचा आदेश दिलेला भाग वगळता बोललेले सारे इतिहासाच्या दप्तरी दाखल होते.

या दिनक्रमाला आज जी व्याधी जडली आहे, ती उघडपणे सांगितलीच पाहिजे. गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास वाहून जातो, आणि अर्थसंकल्पाच्या वेळी अनेक खात्यांच्या मागण्या 'गिलोटीन' लावून, चर्चेविना, एकत्र मंजूर होतात. गोंधळ विरोधकांनी केला असो वा सत्ताधाऱ्यांनी त्याला निमित्त पुरविले असो, लाभ नेहमी उत्तर चुकविणाऱ्याचाच होतो. कारण सरकारचे काम बहुमताच्या जोरावर संध्याकाळी पार पडतेच, बुडतो तो नागरिकाच्या वतीने विचारलेला प्रश्न. म्हणून आपल्या प्रतिनिधीने किती घोषणा दिल्या याची चौकशी सोडून, त्याने कोणता प्रश्न विचारला, त्याला काय उत्तर मिळाले आणि त्यावर त्याने पुढे काय केले, याची विचारपूस मतदाराने केली पाहिजे. वादविवादांचे वृत्तांत छापलेले आहेत, ते कोणालाही वाचता येतात. आणि ज्या मतदारसंघात ते वाचले जातात, तेथील प्रतिनिधीला सकाळी अकरा वाजता आपल्या जागेवर हजर राहावेच लागेल.