घरराखण : परगावी जाणाऱ्या शेतकऱ्याने करावयाची लेखी व्यवस्था

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्याचा एकही माणूस मुंबईस नाही असे घर शोधून काढणे कठीण. गिरण्या चालू होत्या तोवर कर्ता पुरुष मुंबईस व बाकीचे कुटुंब गावी अशी वाटणी असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या; परंतु माणसे परतली नाहीत, उलट पाठोपाठ बायकामुलेही गेली. जे गावी राहून जमीन स्वतः कसतात त्यांच्यावरही मुलीचे बाळंतपण, डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा परदेशी मुलाकडची भेट अशा निमित्ताने महिना दोन महिने घर सोडण्याचा प्रसंग येतोच. अशा वेळी घर, गोठा, कपाटातील पुस्तके आणि फडताळातील बाटल्या कोणाच्या हवाली कराव्यात?

विलायतेत व फ्रान्सात यावर एक तोड निघाली आहे. खेड्यातले घर परक्या गृहस्थावर सोपवावयाचे, त्याने कुत्री, मांजरे, कोंबड्या सांभाळावयाच्या, फावल्या वेळी मालकाची पुस्तके वाचावयाची, अनुमती असल्यास तळघरातील द्राक्षमद्याची एखादी बाटली फोडावयाची, आणि बहुधा भाडेही घ्यावयाचे नाही व पगारही द्यावयाचा नाही. आपल्याकडे हे काम शेजारधर्मावर चालत आले. तोंडी सांगावयाचे, किल्ली खुंटीला लावावयाची, की निघाले. हा शेजारधर्म उत्तमच. पण त्याला कागदाचा आधार नसल्यामुळे पुष्कळ घरे आज राखणीला न देता नुसती कुलपात ठेवली जातात, आणि तेथेच खरे नुकसान होते.

ज्या मुलुखात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तेथे बंद घर टिकत नाही. माकडाने एक कौल सरकविले की त्याखालचा वासा भिजतो, वाशामागून भिंतीची माती सुटते, आणि चार पावसाळ्यांत आढे खाली येते. चूल पेटत असली म्हणजे धुराने लाकूड सुके राहते व किडीस थारा मिळत नाही. हे ठाऊक असूनही मालक कुलूप का लावतो? कारण त्याला भीती वाटते की, आज राखणीला ठेवलेला माणूस उद्या कूळ म्हणून उभा राहील.

आमची उभी नोकरी दप्तरात गेली, तेव्हा या भीतीविषयी दोन शब्द अधिकाराने सांगता येतील. १९४८ च्या कूळकायद्याच्या चौथ्या कलमात, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानावा असे आहे. पण त्याच कलमात अपवादही आहेत. मालकाच्या कुटुंबातील माणूस कूळ होत नाही. रोख किंवा धान्याच्या रूपाने ठराविक मजुरी घेणारा, पण पिकाचा वाटा न घेणारा गडीही कूळ होत नाही. म्हणजे सारे मर्म वाट्यात आहे. राखणदारास राखणदारच ठेवावयाचा असेल तर त्याला अर्धेली देऊ नये, पगार द्यावा. मात्र जो खरोखर वाट्याने जमीन कसतो त्याला कागदावर पगारी गडी लिहिणे ही शुद्ध लबाडी होय, व तिला आमची संमती नाही.

घराची गोष्ट निराळी आहे, आणि तीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ सालचा एक निकाल प्रत्येक खातेदाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोव्यातील एका बहिणीचे घर होते. तिचे पती नौदलात असल्यामुळे तिने भावास त्या घरात राहू दिले. पुढे घर परत मागताच तंटा पडला. खालच्या न्यायालयांत निकाल भावाच्या बाजूने झाले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले व स्पष्ट सांगितले की, राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला घरात हक्क उत्पन्न होत नाही; तो मालकाच्या वतीनेच ताबा धरतो व मागताच त्याने तो सोडला पाहिजे. बारा वर्षे राहिले की घर आपले, ही पारावरची समजूत अनुमतीने राहणाऱ्यास लागू नाही. परंतु अनुमतीने राहिला हे सिद्ध करण्यास मालकाजवळ काही तरी कागद असला तर बरा. ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा त्यास पुरत नाही. तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

आता दुसरी बाजू. राखणदारालाही कागद हवा, आणि याचा विचार आमच्या पाहण्यात फारच थोड्यांनी केला आहे. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत एका विधवा बाईंनी शेजाऱ्यांचे घर अकरा वर्षे राखले. मुंबईकर मंडळी त्यांना काकी म्हणत व गणपतीत एक लुगडे देत. एके वर्षी गाभण गाय आजारी पडली. डॉक्टर बोलावण्यास पैसे नाहीत, विचारावे तर टेलिफोन लागत नाही, आणि आपल्या अंगावर खर्च घेण्याची ऐपत नाही, गाय गेली. मंडळी आली ती काकींवरच करवादली. जबाबदारी द्यावयाची आणि अधिकार द्यावयाचा नाही, खर्चास पैसाही ठेवावयाचा नाही, असा हा व्यवहार. काकींनी दुसऱ्या दिवशी किल्ली परत केली. ते घर आज पडले आहे.

म्हणून राखणीचे एक पत्र दोन प्रतींत करावे. घर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सोपविले, मोबदला काय, कोणत्या खोल्या उघड्या, आणि मालकाला न विचारता राखणदाराने औषधपाण्यावर किती रकमेपर्यंत खर्च करावा, हे त्यात येऊ द्यावे. ती रक्कम रोख हाती ठेवावी. जनावरांची यादी जोडावी व प्रत्येकापुढे कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक लिहावा. रंगावरून ओळख पटविणे पुढे वादाचे होते. दोघांच्या सह्या व गावातील दोन साक्षीदार पुरेत. पिकाच्या हंगामात जाणे असेल तर पीकपाहणीची आठवण ठेवावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती मोबाइलवर खातेदाराने नोंदवावयाची झाली आहे व शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावे लागते. ते काम कोण करणार हे जाण्यापूर्वीच ठरवावे. पेरा रिकामा राहिला की पुढे पीकविमा व भरपाई यांना अडचण येते.

जनावरांच्या बाबतीत पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसी, शेळ्या असल्यास आंत्रविषाराची लस, मालकाने स्वतः टोचून घ्यावी. हे ओझे राखणदारावर टाकू नये. प्रत्येक जनावराची खोड लिहून ठेवावी. कोणती गाय पान्हा चोरते, कोणता बैल अनोळखी माणसास शिंग दाखवितो, कुत्रा कोणाच्या हातचे खातो, हे मालकाला अंगवळणी असते म्हणून तो सांगावयास विसरतो. जाण्यापूर्वी आठ दिवस राखणदारानेच धार काढावी व वैरण घालावी, मालकाने नुसते उभे राहावे. नव्या हाताला गाय दूध आटवते ती या आठ दिवसांत सरावते.

जळण व पेंढा हलविताना विंचवाचा विचार असावा. लाल विंचवाचा दंश आमच्या भागास चांगलाच परिचित आहे. त्यावर औषध शोधण्याचे काम महाडातच झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरून दाखविली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मंत्र घालणाऱ्याचे नाव राखणदाराला सांगू नये, दवाखान्याची वाट सांगावी. फुरसे चावल्यासही तेच.

पुस्तकांकडे वळू. भिंतीला टेकलेले कपाट म्हणजे वाळवीला शिडीच. ते चार बोटे पुढे ओढावे. पुस्तके दाटून बसवू नयेत, मध्ये वारा खेळू द्यावा. जुन्या पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवीत, ते कसर दूर ठेवण्यास अजूनही उपयोगी आहे. उघडीप पडेल त्या दिवशी राखणदाराने कपाटाची दारे दुपारी दोन तास उघडी ठेवावीत. बुरशी आलेले पुस्तक कडक उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर सुकवावे. आणि त्याला पुस्तके वाचण्याची मोकळीक द्यावी. जे पुस्तक हाताळले जाते त्याला वाळवी क्वचितच लागते. सनदा, खरेदीखते व फेरफाराच्या नकला मात्र कपाटात ठेवू नयेत. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावर जे होते ते गेले. कागद वरच्या मजल्यावर, किंवा गावाबाहेरच्या नातलगाकडे.

राहिल्या बाटल्या. हल्ली नाशिककडील द्राक्षमद्य आणून ठेवणारी घरे आमच्याकडेही आहेत, व त्याविषयी नाक मुरडण्याचे आम्हांस कारण नाही. बुचाची बाटली अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून हवा आत जात नाही. एकदा फोडलेली थोड्याच दिवसांत आंबून शिरक्याच्या वाटेला लागते. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्य बाळगण्यास परवाना लागतो, आणि तो ज्याच्या नावाचा त्याच्यापुरताच असतो. मालकाच्या परवान्यावर राखणदार सुटत नाही. म्हणून एक तर बाटल्या संपवून जावे, नाही तर त्या कुलपात ठेवून किल्ली बरोबर न्यावी. घरी करवंदांचे किंवा जांभळांचे मद्य घालणे तर परवान्यावाचून गुन्हाच. असा माठ मागे ठेवून दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

शेवटी पत्रात एक ओळ ठळक अक्षरांनी असावी. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला व ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही बळी पडले. डोंगरास भेग दिसली, झऱ्याचे पाणी गढूळ झाले किंवा सरकारी इशारा आला, तर राखणदाराने घर सोडून निघावे. कपाट, बाटल्या, भांडी यांसाठी मागे वळू नये, व त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही, असे मालकाने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. गोठ्यातील दावी पावसाळ्यात ओढताच सुटणाऱ्या गाठीने बांधावीत, म्हणजे निघता निघता जनावरे मोकळी करता येतात. ही गाठ राखणदाराकडून दोनतीनदा बांधवून घ्यावी आणि मगच एस.टी. पकडावी.