शिक्का एक, फाइली चाळीस!

पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत 'बॅच' हा शब्द रुळलेला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन देणारी बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. टाकी भरायची, ठरलेला काळ ठेवायची, रिकामी करायची, की एक बॅच झाली. पुन्हा तीच कृती, तोच क्रम.

संगणकाच्या जगातही हा शब्द जुनाच आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या काळी आपले काम भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवून द्यावे लागे, आणि असे गठ्ठे एकामागून एक संगणकाला पुरवले जात. पुढे १९८१ साली एमएस-डॉस ही कार्यप्रणाली आली. तिच्यात आज्ञांची यादी एका साध्या फाइलीत लिहून ठेवता येई. फाइलीचे नाव टंकले की यादीतल्या आज्ञा ओळीने पार पडत. हीच 'बॅच फाइल'. आजच्या विंडोजमध्येही काळ्या पडद्याच्या खिडकीत ती चालते.

ह्या बॅच फाइलीने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो तुम्हांला सांगावा, म्हणून हा लेख.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे वर्कशॉप आहे. तेथे सीएनसी यंत्रांवर मोटारींचे सुटे भाग कापले जातात. प्रत्येक जॉबसाठी हत्याराने कसे फिरावे, ह्याची आज्ञावली एका जुन्या संगणकावर ठेवलेली होती. अशा चाळीस फाइली होत्या. "सर, हा संगणक आता थकलाय. सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन रजिस्टरप्रमाणे प्रत-१, प्रत-२ असे नंबर पाडून द्याल का?" त्याने विचारले. चाळीस वेळा हाताने तेच करण्यापेक्षा बॅच फाइल लिहू, असे मी म्हणालो आणि ऐटीत खालील ओळी लिहिल्या. (प्रत्यक्षात आज्ञा रोमन अक्षरांत टंकतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

सेट एन=०
फॉर %%एफ इन (*.एनसी) डू (
सेट /ए एन=एन+१
कॉपी "%%एफ" "%१\प्रत-%एन%.एनसी"
)
एको %एन%

ह्यात तीन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट 'चल'. 'एन' नावाच्या डबीत आपण ० ठेवले. दोन टक्केचिन्हांमध्ये '%एन%' असे लिहिले की त्या जागी डबीतली किंमत येते. दुसरी गोष्ट 'फेरा', म्हणजेच लूप. 'फॉर'ने सुरू होणारी आज्ञा म्हणते, "एनसी प्रकारची प्रत्येक फाइल घे, तिला तात्पुरते एफ म्हण, आणि कंसातले काम कर." तिसरी गोष्ट 'आर्ग्युमेंट'. बॅच फाइल चालवताना तिच्या नावापुढे जो शब्द टंकावा तो '%१' च्या जागी बसतो. पेन ड्राइव्हचे अक्षर मी असेच बाहेरून दिले. उद्या अक्षर बदलले तरी फाइलीला हात लावायला नको.

मी फाइल चालवली. 'एक फाइल कॉपी झाली' अशा अर्थाची ओळ पडद्यावर चाळीस वेळा उमटली. शेवटी ४० हा आकडाही आला. आणखी काय पुरावा हवा? त्याच संध्याकाळी जुनी डिस्क कोरी करण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "सर, पेन ड्राइव्हमध्ये एकच फाइल आहे. प्रत-० नावाची."

एकच! आणि मग पडद्यावरचा ४० खोटा होता काय? नाही मित्रहो, तो अगदी खरा होता. म्हणूनच तर घात झाला.

आता नीट लक्ष द्या. बॅच फाइल वाचणारा विंडोजमधला दुभाषा एका वेळी एक ओळ वाचतो, पण उघडा कंस दिसला की बंद कंसापर्यंतचा सगळा मजकूर तो एकच आज्ञा म्हणून उचलतो. उचलतानाच तो टक्केचिन्हांतल्या चलांच्या जागी त्यांच्या किमती लिहून टाकतो. फेरा सुरू होतो तो त्यानंतर. वाचनाच्या क्षणी एन होता ०. तेव्हा कंसात '%एन%' उरलेच नाही, तेथे '०' लिहिले गेले. मग फेरा चाळीस वेळा फिरला आणि चाळीसही वेळा 'प्रत-०' ह्याच नावावर फाइल उतरली. प्रत्येक नव्या फाइलीने आधीची पुसली.

कारखान्यातले उदाहरण घ्या. सुट्या भागांवर अनुक्रमांक उमटवायचे आहेत. एक पद्धत अशी, की सकाळीच एका आकड्याचा शिक्का करून घ्यायचा आणि दिवसभर तोच मारायचा. दुसरी पद्धत म्हणजे दर ठोक्याला एकाने पुढे सरकणारे नंबर पाडण्याचे यंत्र वापरायचे. मला यंत्र हवे होते, मी शिक्का दिला!

मग शेवटी ४० कसे आले? 'सेट /ए' ही गणिताची आज्ञा आहे. तिच्यात 'एन' हे नाव टक्केचिन्हांशिवाय लिहिले होते, म्हणून ते वाचताना बदलले गेले नाही. प्रत्येक फेऱ्यात डबी उघडून बेरीज झाली. शेवटची 'एको' ही ओळ कंसाबाहेर होती. ती फेरा संपल्यावर नव्याने वाचली गेली, तेव्हा डबीत ४० होते. मोजणी बरोबर, नावे मात्र चुकीची!

'%%एफ' ला दोन टक्केचिन्हे का, हेही आता कळेल. वाचताना जोडीतले एक चिन्ह गळते आणि '%एफ' शिल्लक राहते. त्याची किंमत फेऱ्याच्या वेळी भरली जाते. तीच आज्ञा तुम्ही खिडकीत थेट टंकली, तर एकच चिन्ह पुरते.

आणखी एक बारकावा पाहा. 'कॉपी' आज्ञा खिडकीत टंकली आणि त्या नावाची फाइल आधीच असली, तर संगणक विचारतो, "जुनी पुसू का?" पण तीच आज्ञा बॅच फाइलीत असेल तर तो विचारत नाही. माणूस समोर नसतानाही काम चालावे, हा त्यामागचा हेतू. मला मात्र तो महागात पडला. अकरा आज्ञावल्या सीएनसी यंत्रांच्या स्मृतीत सापडल्या आणि एक प्रत-० मध्ये होती. उरलेल्या अठ्ठावीस त्या विद्यार्थ्याने ड्रॉइंगवरून पुन्हा लिहिल्या. त्यात त्याचा पंधरवडा गेला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

ह्यावर उपाय काय? विंडोज २००० पासून एक सोय आहे. फाइलीच्या आरंभी 'सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन' ही ओळ लिहायची आणि कंसात '%एन%' ऐवजी '!एन!' लिहायचे. उद्गारचिन्हांतली किंमत वाचताना भरली जात नाही, ती आज्ञा पार पडताना भरली जाते. झाले नंबर पाडण्याचे यंत्र! पण ही सोय चालू असताना फाइलीच्याच नावात उद्गारचिन्ह असेल तर ते गळून पडते, हे ध्यानात ठेवा.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो. कंसातले काम फाइलीच्या शेवटी एका नावाखाली वेगळे लिहायचे आणि फेऱ्यातून त्याला फक्त हाक मारायची:

फॉर %%एफ इन (*.एनसी) डू कॉल :प्रत "%%एफ" "%१"

'कॉल'ने हाक मारली की ':प्रत' खालच्या ओळी दर वेळी नव्याने वाचल्या जातात, त्यामुळे '%एन%' ची ताजी किंमत मिळते. मात्र तेथे '%१' चा अर्थ बदलतो: आता '%१' म्हणजे फाइलीचे नाव आणि '%२' म्हणजे पेन ड्राइव्ह. नावाभोवतीची अवतरणचिन्हे गाळू नका. ती नसतील तर 'गिअर कव्हर' ह्या दोन शब्दांच्या नावातला 'गिअर' तेवढा '%१' होईल आणि 'कव्हर' दुसरीकडे जाईल.

आणि बाहेरून शब्द द्यायचाच राहिला तर? '%१' च्या जागी काहीच येत नाही. मग '%१\प्रत' चे नुसते '\प्रत' होते, आणि त्याचा अर्थ चालू डिस्कचे मूळ! कॉपी भलतीकडे जाते. आज्ञा पुसण्याची असती तर तिचा रोख डिस्कच्या मुळाशी गेला असता. म्हणून पहिल्याच ओळीत आर्ग्युमेंट रिकामे नाही ना, हे 'इफ' आज्ञेने तपासावे.

प्रयोगशाळेत मी मुलांना नेहमी सांगतो, की नुसते वाचन घेऊ नका, वाचन केव्हा घेतले तेही लिहा. तापमापी गरम पाण्यात बुडवण्यापूर्वी घेतलेले वाचन चुकीचे नसते, पण ते पाण्याचे नसते. चलाचेही तसेच आहे. किंमत किती, ह्याबरोबर ती केव्हा घेतली, हे विचारले पाहिजे.

आता तुम्ही करून पाहा. एक रिकामा फोल्डर करा, त्यात पाच मजकूर-फाइली ठेवा आणि माझी चुकीची बॅच फाइल 'एनसी'च्या जागी 'टीएक्सटी' करून लिहा. मात्र 'कॉपी'च्या आधी 'एको' हा शब्द जोडा. म्हणजे आज्ञा पार न पडता फक्त पडद्यावर दिसेल. ही रंगीत तालीम मी केली असती, तर 'प्रत-०' हे नाव मला तेव्हाच चाळीस वेळा दिसले असते.

त्यानंतर 'सेट एन=०' ही पहिली ओळ काढून टाका आणि, काळी खिडकी नव्याने उघडून, तीच फाइल लागोपाठ दोनदा चालवा. पहिल्या वेळी कोणते नाव येईल? दुसऱ्या वेळी कोणते? आधी कागदावर उत्तर लिहा आणि मगच कळ दाबा.