तेरा वर्षांचे पाय किती वॉटचे?

‘मुलगा तेरा वर्षांचा आहे, सायकल झकास चालवतो. फिटनेस टेस्ट केली तर तो पुढे मोठा सायकलपटू होणार का, ते कळेल?’ असं एका वाचकानं विचारलंय. एका शब्दातलं उत्तर ‘नाही’. पण त्यामागचं गणित गमतीदार आहे.

सायकल हा मोजमापवाल्यांचा लाडका खेळ. कव्हर ड्राइव्ह मोजणार कसा? इथे मात्र पायांनी लावलेला जोर थेट वॉटमध्ये दिसतो. उलरिश शोबेरर या जर्मन इंजिनिअरनं १९८६ साली सायकलच्या क्रँकमध्येच वॉट मोजायची सोय केली, आणि प्रयोगशाळा रस्त्यावर आली.

समजा, एका मुलानं ३०० वॉट अडीच मिनिटं टिकवले; विश्रांतीनंतर २५० वॉट पाच मिनिटं. दोन्ही वेळा अगदी दमेपर्यंत. पहिल्या खेपेला ४५ किलोजूल काम झालं, दुसऱ्या खेपेला ७५. दीडशे सेकंद जास्त मिळाले, काम ३० किलोजूल जास्त झालं. म्हणजे २०० वॉट. हा झाला सोसायटीचा नळ, बराच वेळ चालू राहणारा. उरलेले १५ किलोजूल म्हणजे गच्चीवरची टाकी. नळापेक्षा जास्त पाणी लागलं की टाकी उतरायला लागते, आणि ती संपली की जोर नळापुरताच. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायचं तर बोरघाटात ही टाकी कधी सोडायची, हीच खरी अक्कल. मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी १९६५ साली जोर आणि तो टिकण्याचा वेळ यांचं हे नातं मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर सायकलपटू नव्हते; ते स्नायूंचे छोटे गट कधी थकतात ते बघत होते.

मोठ्या माणसाला हे गणित छान लागू पडतं. तेरा वर्षांच्या मुलाचा मात्र नळही वाढतोय, टाकीही वाढतेय आणि इमारतही! एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या शारीरिक वयात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. ज्याला मिसरूड फुटलीय तो आज जिंकणारच. निवड समितीला वाटतं हिरा सापडला. प्रत्यक्षात सापडलेली असते लवकर आलेली पौगंडावस्था.

इथे मला माझा आवडता, जवळपास विसरलेला माणूस आठवतो. फिलिबेर गेनो द मोंबेयार. फ्रान्समधल्या सेम्यूर गावचा हा गृहस्थ १७५९ पासून १७७७ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, साधारण सहा-सहा महिन्यांनी आपल्या मुलाची उंची मोजत राहिला. (आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं चार खुणा करतो आणि घराला रंग दिला की विसरतो.) आकडे छापले ते त्याचा मित्र ब्यूफाँनं, स्वतःच्या ग्रंथात; साहजिकच नावही झालं ब्यूफाँचं. मेट्रिक मापं तेव्हा जन्मालाच आली नव्हती. १९२७ साली स्कॅमन या अमेरिकन संशोधकानं त्या आकड्यांचे सेंटिमीटर केले आणि पुढे जेम्स टॅनर यांनी बालवाढीवरच्या आपल्या पुस्तकात त्यांना मानाचं स्थान दिलं. उंचीचा आलेख नुसता वर चढत जातो, त्यात फारसं काही दिसत नाही. पण ‘दर वर्षी किती वाढला’ याचा आलेख काढला की बाळपणापासून घसरत आलेली रेघ चौदाव्या वर्षाच्या आसपास एकदम उसळी घेते. बारावीच्या मुलांनी हाच पुरावा द्यावा, डेरिव्हेटिव्ह कशाला शिकायचं म्हणून विचारणाऱ्यांना.

ही उसळी मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षी, मुलींमध्ये दोनेक वर्षं आधी येते. कॅनडातल्या मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एक सूत्र दिलं: वय, वजन, उभ्यानं उंची आणि बसून उंची घाला, उसळीपासून मूल किती वर्षं लांब आहे ते काढा. पाय धडाआधी वाढतात, म्हणून बसून उंची मोजायची. सूत्र हुशार आहे, पण सहा महिन्यांची चूक सहज होते, आणि फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांबाबत ते जास्तच गडबडतं. नेमकी हीच मुलं हेरायची तर सूत्र हवं होतं!

वॉटवरून माणूस सापडतो, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन २०२० साली घरच्या ट्रेनरवरच्या, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावरच्या, स्पर्धेतून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२ च्या स्पेनच्या मोठ्या शर्यतीत त्यानं डोंगरातले दोन टप्पे जिंकले. फक्त त्याचं उदाहरण देताना कुणी सांगत नाही की निवड झाली तेव्हा तो पंचविशीचा होता, वाढ कधीच पूर्ण झालेला. शिवाय त्याच शर्यतीत डोंगरांच्या राजाची जर्सी अंगावर असताना तो पडला आणि बाहेर गेला. घोळक्यात सायकल सांभाळणं घरच्या ट्रेनरवर कुठून मोजणार?

तेव्हा वाचकमहाशय, टेस्ट जरूर करा, पण एकदा नव्हे. दर सहा महिन्यांनी, आणि वॉटच्या शेजारी उंची लिहून ठेवा. उंची सकाळीच मोजा. रात्रभर नाचून आलं की ती कमी भरते, हेही मोंबेयारच्या मुलामुळेच ब्यूफाँला कळलं होतं.