रेमंड म्हलाबा : स्थानकाच्या दारातून प्रांताच्या कारभारापर्यंत

दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला की आपल्याकडे गांधीजी आणि मंडेला ही दोन नावे हमखास येतात. मंडेलांबरोबर जन्मठेप भोगून पुढे एका प्रांताचा कारभार सांभाळणारे रेमंड म्हलाबा मात्र आपल्याला फारसे परिचित नाहीत. म्हणून आम्ही त्यांची ही थोडक्यात ओळख करून देत आहोत.

म्हलाबा यांचा जन्म १९२० चा. पोर्ट एलिझाबेथमध्ये लॉन्ड्रीत काम करताना ते कामगार चळवळीत आले. २६ जून १९५२ रोजी न्यू ब्राइटन रेल्वे स्थानकाच्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून ते सहकाऱ्यांसह आत शिरले आणि त्यांनी अटक करवून घेतली. वर्णभेदी कायदे उघडपणे मोडण्याची ही मोहीम आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि तेथील भारतीयांची काँग्रेस यांनी मिळून उभारली होती. तीत आठ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली.

१९६० मध्ये संघटनेवर बंदी आली, तेव्हा सनदशीर मार्ग खुंटले. म्हलाबा सशस्त्र लढ्यात उतरले. रिव्होनिया खटल्यात १९६४ साली त्यांना जन्मठेप झाली. रॉबेन बेटावरच्या तुरुंगातही वर्णभेद होताच : भारतीय कैद्यांना लांब पँट, आफ्रिकन कैद्यांना अर्धी चड्डी. म्हलाबा सुटले ते ऑक्टोबर १९८९ मध्ये.

१९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर ते ईस्टर्न केप प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, झाले. त्यांच्या वाट्याला आलेले काम सोपे नव्हते. वर्णभेदी राजवटीने ‘स्वतंत्र’ ठरवलेले ट्रान्सकाय आणि सिस्काय हे दोन प्रदेश जुन्या केप प्रांताच्या पूर्व भागाशी जोडून हा प्रांत बनला होता. प्रत्येकाची खाती वेगळी, नोकरवर्ग वेगळा, दप्तरे वेगळी. त्यातून एक प्रशासन उभे करायचे, आणि लोक तर शाळा, पाणी, पेन्शन यांची वाट पाहत होते. कारभार संथ असल्याची टीका म्हलाबांवर झाली. १९९७ मध्ये ते पदावरून गेले आणि युगांडात उच्चायुक्त झाले. २००५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची कारकीर्द निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. पण अन्यायाचे दार मोडायला एक सकाळ पुरते, आत सगळ्यांसाठी घर बांधायला एक पिढीही अपुरी पडते, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते. लढवय्यांचा हिशेब मांडताना या दोन्ही कामांचे वजन वेगळे धरावे, असे आम्हाला वाटते.