व्हायोलिनची फीत पाठवताना

व्हायोलिनच्या स्पर्धेत मुलांची पहिली गाठ आता कॅमेऱ्याशी पडते. थोर वादक यहुदी मेन्यूहिन यांनी १९८३ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेली बावीस वर्षांखालील वादकांची स्पर्धाच घ्या. प्राथमिक निवड ध्वनिचित्रफितीवरून होते. २०२१ मध्ये तर कोरोनामुळे अमेरिकेतल्या रिचमंडची अख्खी स्पर्धा ऑनलाइन झाली.

आमची चौदा वर्षांची भाची पुण्यात व्हायोलिन शिकते. या सुट्टीत एका स्पर्धेसाठी तिची फीत करायचे काम आमच्याकडे आले, कारण खानदानात मास्तर आम्हीच. वाटले, तासाभराचे काम. चार दिवस गेले.

वादन सलग हवे, जोडकाम चालणार नाही, आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, असा नियम होता. पहिल्या दिवशी गजाचे टोक सारखे चौकटीबाहेर! मोबाईल आडवा करून मागे नेला. मग आवाजाची गोची. मोबाईल मोठा आवाज आपोआप दाबतो, हळू आवाज वाढवतो. पोरीने मेहनतीने कमावलेला चढउतार सपाट झाला. आवाजाची पातळी हाताने ठरवता येईल असा माइक मागून आणला. फरशीवर आवाज घुमतो म्हणून सतरंजी आणि गोधड्या अंथरल्या. पंखा बंद, कुकर बंद. पंखा बंद म्हणून घाम, घामाने बोटे निसटत. तारा आदल्याच दिवशी बदललेल्या. नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे दर वेळी सूर उतरलेला. त्या दोन आठवडे आधीच बदलायला हव्या होत्या.

खरी अडचण वेगळीच होती. जरा चुकले की ती थांबायची. रियाजात थांबून दुरुस्त करायची सवय इथे आड आली. मग एक पूर्ण दिवस कॅमेरा लावलाच नाही. चुकले तरी शेवटपर्यंत वाजवायचे, एवढेच. आम्ही वर्गात पाठांतर असेच घेतो.

चौथ्या दिवशी दोन फिती उरल्या. एक बिनचूक, पण जपून वाजवलेली. दुसरीत एक सूर घसरलेला, बाकी वादन मोकळे. आपा म्हणाल्या, "चूक कशाला दाखवायची?"

"मामू, तुम्ही सांगा ना."

आम्ही सांगितले नाही. स्क्रीन उलटी ठेवून दोन्ही नुसत्या ऐकायला लावल्या. तिने दुसरी निवडली. आपा गप्प राहिल्या, पण राजी नव्हत्या. रात्री अकराला फीत गेली. मुदत बाराची होती.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. घसरलेल्या त्या जागेचा रियाज रोज सकाळी चालू आहे.