रेंजच्या काड्या पूर्ण, मालिका मात्र अडकलेली

रविवारी संध्याकाळी मी मोठ्या हौसेनं एक टेराबाइटची हार्डडिस्क राउटरच्या पाठीमागच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचली. वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली नाट्यगीतं, मुंजी-लग्नांचे फोटो, लेकीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, सगळं एका जागी राहावं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा टीव्हीवर बघता यावं, एवढाच बेत. दहा मिनिटांत आतल्या खोलीतून आईची हाक आली, "अरे, तुझं ते वायफाय रुसलं बघ!" तिच्या फोनवरची मालिका गोल गोल फिरत थांबली होती. गंमत म्हणजे रेंजच्या काड्या पूर्ण दिसत होत्या.

मग नेहमीचे उपचार झाले. राउटर बंद करून चालू केला. इंटरनेटवाल्याला फोन केला. "सर, आमच्याकडून लाइन ओके आहे," हे पेटंट उत्तर मिळालं. या वेळी ते खरंही होतं, कारण माझा लॅपटॉप सुसाट चालत होता. शेवटी वैतागून डिस्क उपटली, आणि मालिकेतली सासू पुन्हा बोलू लागली. डिस्क लावली, सासू गप्प. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

यात भुताटकी काही नाही. माझ्या डिस्कच्या यूएसबी ३.० तारेतून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात. इतक्या झपाट्यानं वीज वर-खाली होत असली की तार, तिचं टोक आणि डिस्कचा डबा यांतून थोडा रेडिओ गोंगाट बाहेर निसटतोच. तो एका ठरावीक वारंवारतेवर नसतो; शून्यापासून पाच गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे बरोबर या पसाऱ्याच्या मधोमध. इंटेलनं २०१२ मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३.० ची डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला पार्श्वगोंगाट जवळजवळ २० डेसिबलनं वाढलेला त्यांच्या मोजणीत दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट!

काड्यांचं कोडंही इथंच सुटतं. फोनवरच्या काड्या सांगतात की राउटरचा आवाज फोनला किती मोठ्यानं ऐकू येतो. फोनचं उत्तर राउटरला ऐकू येतं की नाही, हे त्या सांगत नाहीत. गोंगाट होता राउटरच्या कानाशी, अँटेनापासून वीतभर अंतरावर. मिरवणुकीत ताशावाल्याला खेटून उभं असताना पलीकडच्या गल्लीतून कुणी हाक मारावी, तशी आईच्या फोनची गत. दोन भिंती ओलांडून येणारं त्याचं क्षीण "पोचलं" राउटरपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून राउटर तेच तेच पुन्हा पाठवत बसला होता. माझा लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता आणि तिथं हा गोंगाट अगदी मंदावतो. आईच्या जुन्या फोनला मात्र २.४ खेरीज दुसरं काही ठाऊकच नाही.

तसाही हा पट्टा म्हणजे गावजत्रा. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस, सगळे तिथंच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत वीस राउटर असले तर काय होणार ते सांगायला नको.

उपाय स्वस्त निघाला. चांगलं शिल्डिंग असलेली मीटरभर लांब तार घेतली आणि डिस्क राउटरपासून दूर, खालच्या फळीवर ठेवली. बराच फरक पडला. उरलेली कसर सेटिंगनं भरून काढली: बऱ्याच राउटरमध्ये पोर्ट यूएसबी २.० च्या वेगानं चालवायची सोय असते. वेग कमी केला म्हणून हळहळू नका. यूएसबी २.० प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइट सहज देतो आणि घरगुती व्हिडिओ बघायला एक-दोन मेगाबाइट पुरतात. घरच्या साध्या राउटरचा प्रोसेसर त्याहून फार पळतही नाही. डब्यावर छापलेले मोठाले आकडे वाचून मीही एकेकाळी भुललो होतो.

एक सावधगिरी मात्र लागते. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर वीज देतं, ३.० चं ९००. फिरत्या चकतीच्या डिस्कला सुरू होताना याहून जास्त लागू शकते. नाही मिळाली तर ती टक-टक करत राहते, पण सुरू होत नाही. तसा आवाज आला तर वेगळ्या अॅडॅप्टरचा हब मध्ये घाला. आणि लाइट गेली, परत आली आणि फोल्डर दिसेनासे झाले, तर घाबरून डिस्क फॉर्मॅट करू नका. अर्धवट लिहून बंद पडलेली, विंडोजच्या एनटीएफएस रचनेची डिस्क काही राउटर जोडूनच घेत नाहीत. ती संगणकाला लावून तपासणी चालवली की बहुधा ताळ्यावर येते.

फोनवर डिस्क दिसते, पण विंडोजच्या लॅपटॉपवर नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. तिच्यामागे इतिहास आहे. राउटरमध्ये बहुधा लिनक्स असतं आणि त्याला विंडोजशी फायलींची भाषा बोलायला शिकवणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. कॅनबेऱ्यातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानं १९९१ च्या अखेरीस त्याची सुरुवात केली. त्या भाषेचं नाव एसएमबी. पुढे प्रोग्रामचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्यानं एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द संगणकाकरवी शब्दकोशात शोधले आणि त्यातून सांबा निवडला. या भाषेच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्याच वर्षाच्या शरदातल्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनं पहिली आवृत्ती आपणहून बसवणं बंद केलं. जुना राउटर मात्र अजून तीच बोलतो. त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि सेटिंगमध्ये दुसरी आवृत्ती चालू करा. मग फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे राउटरचा पत्ता लिहिला की फोल्डर उघडतो. विंडोजमध्ये जुनी आवृत्ती परत चालू करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानत नाही.

पत्त्यावरून आठवलं. फायबरवाल्याचा डबा आणि आपला राउटर दोघंही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत असतील तर दोघांत जुंपते. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५.१ करा; भांडण मिटतं.

डिस्क सापडली की पुढचा मोह म्हणजे ती बाहेरगावाहूनही उघडता यावी. इथं मी हात आखडता घेतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये आसूसच्या राउटरमधल्या त्रुटींमधून १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या जोडलेल्या डिस्कमध्ये परके घुसले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीवर कारवाई केली आणि २०१६ मध्ये वीस वर्षं स्वतंत्र तपासणीच्या अटीवर तडजोड झाली. त्या राउटरवर मूळचं युजरनेम अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिनच ठेवलेला असायचा.

म्हणून आमच्या डिस्कचा इंटरनेटकडचा दरवाजा बंद आहे, पासवर्ड बदलला आहे, आणि पाहुण्यांच्या वायफायला ती दिसत नाही. सगळ्याची दुसरी प्रत कपाटात, वेगळ्या डिस्कवर. पासवर्ड काय ठेवला ते आईनं विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, "एवढं मोठं कोण लक्षात ठेवणार?" आणि कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवलं.